ग्रंथालयाच्या दारातून दवाखान्याकडे

सॅन फ्रान्सिस्को,
दि. १२ फेब्रुवारी

प्रिय सुहास,
स. न. वि. वि.

ग्रंथालयाचा आणि दवाखान्याचा संबंध काय, हा तुझा प्रश्न पत्र आल्यापासून मनात घोळत आहे. तू स्वतः ग्रंथपाल असल्यामुळे उत्तर सविस्तर लिहितो.

येथील मुख्य सार्वजनिक ग्रंथालय सिव्हिक सेंटर भागात, टेंडरलॉइन या गरिबांच्या वस्तीच्या अगदी जवळ आहे. ज्यांना घर नाही अशी कितीतरी माणसे दार उघडताच आत येतात, कारण ऊब, स्वच्छतागृह, खुर्ची आणि संगणक या गोष्टी विनामूल्य, कोणी कारण न विचारता मिळतील अशा जागा शहरात फारशा नाहीत. २००९ साली ग्रंथालयाने शहराच्या आरोग्य विभागाच्या साहाय्याने लीआ एस्गेरा यांना पूर्णवेळ समाजसेविका म्हणून नेमले. मानसिक आरोग्याचे काम जाणणाऱ्या व्यक्तीची अशी नेमणूक अमेरिकेतील ग्रंथालयात प्रथमच झाली.

मला त्याहून मोलाचे वाटतात ते त्यांचे सहायक. ते स्वतः कधीकाळी बेघर होते, आणि आता पगार घेऊन मजल्यामजल्यांवर फिरतात. बेसिनपाशी कोणी अंग धुताना दिसला, तर नियम सांगतानाच आंघोळीची, जेवणाची, निवाऱ्याची सोय कोठे आहे तेही सांगतात. हेच पहारेकरी बोलला असता, तर तो माणूस पिशवी उचलून निघून गेला असता.

दवाखाने आहेत, तरी उपचार कागदांपाशी अडतात. मेडी-कॅल ही कॅलिफोर्नियातील गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना २०१४ पासून मुले नसलेल्या एकट्या प्रौढांनाही खुली झाली. परंतु अर्जाला संगणक हवा, पत्र येण्यास पत्ता हवा, तपासणीची वेळ कळण्यास फोन हवा; आणि पदपथावर झोपणाऱ्याची पिशवी चोरीस गेली, की ओळखपत्राबरोबर औषधेही जातात. (मधुमेह असलेल्याने इन्सुलिन थंड कोठे ठेवावे, याचे उत्तर मला अजून सुचलेले नाही.) म्हणून ग्रंथालयातील ते निवांत बोलणे, अर्ज भरताना शेजारी कोणी बसणे, हीच मला उपचाराची पहिली पायरी वाटते.

ॲरिझोनातील टूसॉन येथे तर २०१२ साली सार्वजनिक आरोग्य परिचारिकाच ग्रंथालयात येऊ लागल्या आणि तेथेच रक्तदाब तपासू लागल्या.

तुमच्या वृत्तपत्र विभागात सकाळपासून बसणाऱ्या ज्या वृद्ध गृहस्थांविषयी तू लिहिले होतेस, त्यांच्या पायाची जखम कोणी पाहिली का? त्यांच्याजवळ आधार कार्ड आणि शिधापत्रिका आहे का, हे एकदा शेजारी बसून विचार, आणि मला कळव.

तुझा,
अनिरुद्ध