बीडची रेल्वे आणि बीडचे सीताफळ

संपादक महोदय,

१९९५ मध्ये मंजूर झालेल्या अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या लोहमार्गावर बीडपर्यंत गाडी धावायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. या तीस वर्षांत येथील एक अख्खी पिढी दर दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेरगावी जात राहिली, आणि त्याला केवळ अवर्षण कारणीभूत नव्हते. भौगोलिक मानांकन मिळालेले आमचे सीताफळ डोळे उघडल्यावर, म्हणजे सालीवरच्या खवल्यांमधल्या फटी रुंदावल्यावर तोडले, की दोन-तीन दिवसांत मऊ पडते. टेम्पोत हिंदकळत पुण्याच्या बाजारात पोहोचेपर्यंत तळच्या क्रेटमधली फळे काळवंडलेली असतात, आणि व्यापारी भाव सांगतो तो नेमका तोच क्रेट उपसून. प्रवासी गाडीचे स्वागतच आहे (उशिरा का होईना!), परंतु माल चढविण्याची पुरेशी सोय, शीतगृह आणि गर काढण्याचे उद्योग स्थानकांच्या आसपास उभे राहिले नाहीत, तर हीच गाडी मजुरांना बाहेर नेण्याचे स्वस्त साधन तेवढी ठरेल. परळीपर्यंतचे काम पूर्ण करतानाच रेल्वेने नाशवंत मालाच्या वाहतुकीचा आराखडाही जाहीर करावा, ही विनंती.

— एक फळबागायतदार, बीड