लोणारला खरे सांगणारे माणूस द्या : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : लोणार विवरासाठी प्रशिक्षित स्थानिक मार्गदर्शक आणि खाली उतरणाऱ्या वाटेची डागडुजी

महोदय,
सादर नमस्कार.

लोणारचे नाव निघाले की आराखडा, निधी, सुशोभीकरण असे शब्द लगेच पुढे येतात. माझे मागणे त्यापेक्षा फार लहान आहे. विवराच्या काठावर उभ्या राहिलेल्या मुलाला समोर काय दिसते आहे ते खरे सांगणारे माणूस हवे. आणि त्या मुलाला आजीचा हात धरून खाली उतरता यावे, सुखरूप वर येता यावे, अशी वाट हवी.

आम्ही जालन्याचे. पहाटे निघायचे, ऊन चढायच्या आत विवरात उतरायचे, परतताना सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी थांबायचे आणि रात्री जेवायला घरी, अशी सहल आमच्याकडची पुष्कळ कुटुंबे करतात. गेल्या हिवाळ्यात आम्हीही गेलो होतो, सासूबाई आणि मुलांना घेऊन. काठावर एका गृहस्थांनी मुलांना ठामपणे सांगितले, "हा विझलेला ज्वालामुखी आहे." मुलांनी ते मन लावून वहीत उतरवून घेतले.

त्यांचा दोष नाही. चहूकडे लाव्हापासून बनलेला काळा बेसाल्ट, मधोमध पावणेदोन किलोमीटरहून रुंद गोल खड्डा आणि तळाशी पाणी. हे पाहून कोणालाही तसेच वाटेल. ब्रिटिश अधिकारी जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये या जागेची नोंद केली, त्यानंतर कितीतरी वर्षे जाणकारही हा ज्वालामुखीच मानत होते. १९७३ मध्ये संशोधकांनी इथल्या दगडात मॅस्केलिनाइट दाखवले. प्रचंड आघाताने खनिजाची काच होते, ती ही. ज्वालामुखीत ती तयार होत नाही. म्हणजे लाव्हाचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आणि त्यावर अशनी, म्हणजे अंतराळातून आलेला दगड, आदळला तो खूप नंतर. नेमका कधी, यावर अजून एकमत नाही. एक मोजणी ५० हजार वर्षांच्या आसपास येते, दुसरी साडेपाच लाखांच्या पुढे जाते. चंद्रावर आणि मंगळावर बेसाल्टमधली विवरे पाहायला माणसाला यान पाठवावे लागते, बुलढाणा जिल्ह्यात त्यासाठी गाडीने जाता येते. हे त्या मुलांना तिथेच, त्या काठावर कळायला हवे होते.

खाली पाण्याजवळ मात्र गावातला एक तरुण भेटला. त्याने कागदाच्या पट्टीला हळद चोळली आणि ती तळ्याच्या पाण्यात बुडवली. पिवळी पट्टी बघता बघता लाल झाली. मुलांनी ती त्याच्या हातातून ओढूनच घेतली. सासूबाई म्हणाल्या, "पापडखार लागला की हळद अशीच लाल होते." अगदी बरोबर. या पाण्याचा सामू (पीएच) दहाच्या घरात आहे, म्हणजे ते चांगलेच क्षारयुक्त आहे, पूर्वी इथून खार काढतही असत. आणि वर 'धार' नावाच्या जागी पडणारे झऱ्याचे पाणी गोडे! २०२० च्या जूनमध्ये तळे गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांत शोधले, तेही त्या तरुणाला माहीत होते. त्याच्याजवळ ओळखपत्र नव्हते, ठरलेला दर नव्हता. आम्ही दिले तेवढे त्याने घेतले.

अशा मुलामुलींना भूवैज्ञानिकांकडून रीतसर शिकवा, परीक्षा घ्या, बिल्ला द्या, मानधन ठरवून द्या. बाहेरून कोणी आणायची गरज नाही, माणसे लोणारातच आहेत.

आता वाटेबद्दल. खालची वनराई, माकडे, मोर, कमळजा देवीचे देऊळ, हे सगळे पाहायचे तर उतरावेच लागते. आम्ही उतरलो ती वाट सुट्या खड्यांची होती. सासूबाई दोनदा घसरल्या, मग निम्म्यातच दगडावर बसून राहिल्या. शेजारी टेकायला कठडा नव्हता. मिळेल त्या दगडाने पायऱ्या नीट बसवा, तीव्र उतारावर धरायला आधार द्या, मध्ये सावलीत बसायची सोय करा. तळ्याचे पाणी वाढले की खाली त्याच्या काठची वाट बुडते, त्याची सूचना वरच लागली पाहिजे. पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह मात्र वर, गावाकडे असावे.

सिमेंटचा रस्ता, नौकाविहार, रोषणाई यांतले काहीही विवरात येऊ देऊ नका, ही कळकळीची विनंती. काठाजवळ लाव्हाचे थर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. तो आघाताचा पुरावा आहे. त्यावर काँक्रीट ओतले की तो गेलाच. शिवाय हे अभयारण्य आहे, आणि २०२० पासून रामसर यादीतली, म्हणजे जागतिक महत्त्वाची मानलेली, पाणथळ जागा आहे.

वन, पुरातत्त्व, पर्यटन, नगरपालिका अशा सगळ्यांचा इथे संबंध येतो, याची मला कल्पना आहे. म्हणून आपण स्वतः त्यांना एकदा लोणारलाच बोलवा आणि बैठकीआधी सगळ्यांसह त्या वाटेने खाली उतरून या. दिवाळीनंतर शाळांच्या सहली सुरू होतात. मार्गदर्शकांची पहिली तुकडी त्याआधी काठावर उभी राहावी.

आपली नम्र,
जालन्याची एक नागरिक