रुमालातली बोंडं

आर्णी तालुका, जि. यवतमाळ

प्रिय गड्या,
रामराम.

तुझं पत्र आलं तेव्हा वेचणी जोरात होती, म्हणून उत्तराला उशीर झाला. तूर फुलोऱ्यात आहे. परवा तुझ्या आईला भेटून आलो, तब्येत बरी आहे. तुझी काळजी मात्र करतात.

आता मुद्द्याचं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहायच्या विचारात असलेल्या त्या माणसाच्या सभेला तू गेलास आणि लिहिलंस, 'बोलायला लागला की अंगावर काटा येतो, पुढारी असावा तर असा.' तुला आता तिथे मत आहे, म्हणून मनापासून सांगतो. काटा आला म्हणून मत ठरवू नको, एवढ्यात तर नकोच.

मी एकदा तसंच ठरवलं होतं. आपल्याकडच्या एका उमेदवारासाठी महिनाभर स्वतःच्या गाडीत पेट्रोल टाकून गावोगाव फिरलो. आठवडी बाजारात तो बोलायला उभा राहिला की भाजीवाल्या बाया तराजू खाली ठेवायच्या. माणसांना नावानिशी हाक मारायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा. निवडून आला. मग 2017 चं साल उजाडलं, गुलाबी बोंडअळीचं. तू तेव्हा इथे नव्हतास. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत सरकी खाणारी अळी आणि कवडी झालेला कापूस. तशी दहा-बारा बोंडं रुमालात बांधून मी त्याच्याकडे गेलो. तो फार सुंदर बोलला. शेतकऱ्याच्या दुःखावर बोलताना त्याचे डोळेही भरून आले. पण रुमालाची गाठ सोड, काय आणलंस दाखव, असं काही तो म्हणाला नाही. धुऱ्यावर तर कधी आलाच नाही. ती बोंडं मी तशीच परत आणली. ज्या लोकांकडे त्याच्यासाठी मत मागितलं, त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायला मला पुढे कितीतरी दिवस जड गेलं.

तुमच्याच देशातला केनेडी घे. 1960 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी निक्सनसोबतच्या पहिल्या टीव्ही वादात तो तजेलदार दिसला. निक्सन गुडघ्याच्या दुखण्यानं दवाखान्यात राहून आलेला, चेहरा उतरलेला. रूप आणि वाणी केनेडीकडे होतीच. मला तो मोठा वाटतो तो त्यानंतरच्या दोन गोष्टींमुळे. एप्रिल 1961 मध्ये क्युबातलं सरकार उलथवायची बे ऑफ पिग्जची मोहीम फसली, तेव्हा जबाबदारी त्यानं उघडपणे स्वतःवर घेतली. ऑक्टोबर 1962 मध्ये सोव्हिएत क्षेपणास्त्रं क्युबात सापडली, तेव्हा सल्लागारांच्या काही बैठकींना तो मुद्दाम गेला नाही. अध्यक्ष समोर बसला की माणसं त्याचं तोंड पाहून बोलतात, हे त्याला कळत होतं. सभेत टाळ्या वाजवणाऱ्याला हा गुण कुठून दिसणार?

आणि लिंकनचा आवाज बारीक, चिरका. 1863 मध्ये गेटिसबर्गला त्याच्या आधीचा वक्ता दोन तास बोलला, लिंकन दोन-तीन मिनिटं. पक्षाच्या उमेदवारीसाठी जे त्याच्याविरुद्ध उभे होते, त्यांनाच त्यानं मंत्रिमंडळात घेतलं. एका सभेवरून तू त्याला नापास केलं असतंस, गड्या.

वलय खोटं असतं असं माझं म्हणणं नाही. खचलेल्या माणसाला शब्दाचा आधार लागतोच. आपले गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहिले की माणसं हलत नसत. पण गावात आल्यावर आधी बाबांच्या हातात खराटा असे, कीर्तन रात्री. म्हणून तो शब्द लागत असे.

तेव्हा तुझ्या त्या माणसाचा आधीचा कारभार काढून बघ. चूक झाली तेव्हा तो काय बोलला, कोणाच्या माथी मारली? जवळची माणसं टिकली की दरवर्षी बदलली? त्याला 'नाही' म्हणणारा एक तरी माणूस त्याच्याजवळ आहे का? पुढच्या सभेत कोणी अडचणीचा प्रश्न विचारला तर त्याच्या तोंडाकडे नीट बघ आणि काय दिसलं ते मला सविस्तर लिही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. पोळ्याला येतो म्हणाला होतास, त्याचं काय झालं तेही कळव.

तुझाच,
बालमित्र