आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: पाट बांधला, तरी बागायत हिरवी

मा. आरोग्यमंत्री, गोवा सरकार, पर्वरी.

स. न. वि. वि.

माझ्या थोरल्या भावाला ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली कर्करोगाची गाठ, झाला. ऑपरेशन, रेडिएशन, गोळ्या सगळं झालं, आणि गाठ परत आली. मग दर पंधरा दिवसांनी सलाइनमधून बेव्हॅसिझुमॅब सुरू झालं. 'गाठीचं रक्त तोडणारं औषध आहे,' एवढंच आम्हाला सांगितलं. इस्पितळाचं नाव लिहीत नाही, भांडण कुणाशीच नाही.

भाऊ डिचोलीचा, कुळागरवाला, म्हणजे पाटाच्या पाण्यावरच्या पोफळीच्या बागेतला माणूस. त्याला ते लगेच पटलं. पाटाचं तोंड बांधलं की पोफळी सुकणारच! डोक्यातली सूज उतरली, उजव्या हातात पेला धरता येऊ लागला. तिसऱ्या महिन्यात एमआरआयची फिल्म खिडकीशी धरून तो म्हणाला, "पाट बांधलाय ना रे? मग बागायत हिरवी कशी?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं. गाठ व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडते आणि शेजारच्या चांगल्या रक्तवाहिन्यांना आपल्याकडे फाटे फोडायला लावते. औषध हे प्रथिन पकडतं. पण २०१० मध्ये रोम आणि न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखवलं, की या गाठीतल्या स्टेम सेल्स, म्हणजे मूलपेशी, स्वतःच वाहिनीचं अस्तर बनू शकतात. रोमच्या गटाला अस्तराच्या २० ते ९० टक्के पेशींत गाठीचाच जनुकीय बिघाड सापडला. २०१३ मध्ये क्लीव्हलँडचे संशोधक म्हणाले, अस्तर नव्हे, वाहिनीला बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी त्या बनवतात. तो वाद तज्ज्ञांचा. आमच्या भाषेत, पोफळच पाट खणत होती.

२०१७ साली गाठ परत आलेल्या ४३७ रुग्णांची युरोपातली चाचणी प्रसिद्ध झाली. लोमुस्टिन या केमोच्या गोळीच्या जोडीला बेव्हॅसिझुमॅब दिल्यावर आजार जवळपास तीन महिने जास्त थोपला. आयुष्य मात्र वाढलं नाही.

साहेब, औषध बंद करा असं मी म्हणत नाही. तो पेला मी पाहिलाय. मागणी एकच: पहिली बाटली चढवण्याआधी मराठीत आणि कोंकणीत एक पान, आणि ते घरच्यांना बसून समजावणारं एक माणूस. सुरुवात गोमेकॉपासून, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजपासून करा. सूज उतरेल, बरं वाटेल, ते दिवस मोजके असतील, हे त्यात स्पष्ट असू द्या.

आम्हाला कुणी सांगितलं नाही. हात चालायला लागल्यावर 'पुरता बरा होतो, मग करू' म्हणत भावाने मुलीचं लग्न डिसेंबरातून मे महिन्यावर नेलं. कन्यादान मला करावं लागलं.

आपला,
एक डिचोलीकर