जलरंगाच्या सदोष कागदाबाबत तक्रार

दि. ७ एप्रिल २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : ‘शंभर टक्के कॉटन, ३०० जीएसएम’ जलरंग पॅड सदोष निघाल्याबाबत व रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

वरील पॅड मी फेब्रुवारीत आपल्याच संकेतस्थळावरून १,२९० रुपयांना घेतला. वेष्टनावर नदीकाठी सायकल टेकवून चित्र काढत बसलेला माणूस छापला आहे. मलाही नेमकं तेच करायचं होतं. होळीनंतर वाईला मुक्काम ठेवून मेणवली, धोम, पसरणी या बाजूला सायकलवरून हिंडायचं आणि जागेवर बसून चित्रं काढायची, असा बेत होता. कॅरिअरवर प्लायचा बोर्ड, घडीचं स्टूल आणि पाण्याच्या बाटल्या बांधल्या की दुसरा कागद न्यायला फारशी जागा उरत नाही. त्यामुळे सगळी भिस्त या पॅडवर होती.

मेणवलीच्या घाटावर आकाशाचा पहिलाच वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट हात, दिला आणि निळ्या रंगात गडद ठिपके उमटले. पाणी कागदावर थांबेचना, जिथे ब्रश टेकला तिथेच मुरायला लागलं. धोमच्या रस्त्यावर पळस ऐन भरात होता. त्याच्या काळ्या वाकड्या फांद्या कोरड्या कागदावर काढल्या, तर प्रत्येक रेघेला दोन्ही बाजूंनी मिशा फुटल्या. पसरणीच्या शिवारात एके ठिकाणी हळद शिजत होती. काहिलीवरची वाफ दाखवायला ओल्या ब्रशने रंग उचलायला गेले, तर रंग राहिला जागच्या जागी आणि कागदाचेच बोळे वर आले! ओला असताना लालभडक दिसणारा पांगरा वाळल्यावर विटकरी झाला.

जलरंगात काम करणारा कोणीही सांगेल, की हे कागदाचं साइझिंग गेल्याचं लक्षण आहे. जिलेटिनचा किंवा तत्सम थर कागदात असतो म्हणून रंग वर तरंगतो, उजळ राहतो आणि पुसून उचलता येतो. दमट गोदामात कागद पडून राहिला की हा थर निकामी होतो. खात्रीसाठी मी पॅडच्या मधल्या कोऱ्या पानावर आणि जुन्या पॅडच्या उरलेल्या एका तुकड्यावर साध्या पाण्याचा एकेक थेंब ठेवला. जुन्या कागदावरचा थेंब फुगीर, चकचकीत बसून राहिला. आपल्या कागदावरचा थेंब ठेवल्या ठेवल्या पसरला आणि मागच्या बाजूने ओल दिसू लागली. दोन्ही तुकडे एकाच बोर्डावर, एकाच सावलीत होते.

हे मी आधी कळवलं, तेव्हा आपल्या प्रतिनिधीचं उत्तर आलं : ‘कृपया उत्पादन उन्हात व उघड्यावर वापरू नये.’ मग सायकलवाल्याचं चित्र कशाला छापलंत? उन्हाने रंग लवकर वाळतो हे मान्य, पण वाळणं वेगळं आणि टिपकागदासारखं शोषून घेणं वेगळं. कोल्हापूरच्या कोटीतीर्थ तळ्याच्या काठावर बसून चित्रं काढणारे चित्रकार आबालाल रहिमान ज्या मातीत होऊन गेले, तिथे निसर्गचित्राचा कागद बाहेर नेऊ नका म्हणणं जरा धाडसाचंच आहे.

आणखी एक बाब. वेष्टनावर उत्पादनाचा महिना-वर्ष जिथे छापलंय, तिथे दुसरी चिकटपट्टी डकवली आहे. तिच्या कडेतून जुन्या छपाईचा शेवटचा आकडा डोकावतो. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार असा मजकूर बदलण्यासाठी वेगळी पट्टी लावता येत नाही. पट्टी मी उचकटलेली नाही, तशीच ठेवली आहे.

माझी मागणी अशी : पॅडची पूर्ण किंमत परत करावी, परतीचा कुरिअर खर्च कंपनीने सोसावा आणि त्या बॅचचा उरलेला माल तपासून काय आढळलं ते लेखी कळवावं. बदली पॅड नको. त्याच गोदामातला दुसरा पॅड घेऊन मी काय करू?

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. तिथेही निपटारा झाला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे जाईन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही पडत नाही, याची माहिती मी घेतली आहे.

आपली,
एक ग्राहक, पुणे

सोबत : खरेदीची पावती, वेष्टनाचे व थेंबाच्या चाचणीचे फोटो, प्रतिनिधीच्या उत्तराची प्रत. बिघडलेली चित्रं आणि उरलेला पॅड मागितल्यास पाठवीन.