आमच्या पोराला ‘नको’ म्हणायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

तंबाखूवर जगणाऱ्या निपाणीत राहून तंबाखूविरुद्ध बोलायला आमची जीभ रेटत नाही. तंबाखूच्या भावासाठी सासरे १९८१ च्या आंदोलनात रस्त्यावर बसले होते. सासूबाई आजही मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. पान कापायचं, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. पोराचं दप्तरही त्यातूनच आलंय.

थंडीत सकाळी तोंडातून वाफ निघाली की आमचा तिसरीतला पोरगा बोटात खडू धरून आजोबांसारखा ‘धूर’ सोडायचा. आम्ही सगळे हसायचो. आता वाटतं, तेव्हाच त्याला अडवायला हवं होतं.

तंबाखूचे धोके शिकवताना तुम्ही वर्गात काय केलंत ते त्यानंच घरी करून दाखवलं. आधी जागेवर दहा उड्या, मग नाक दाबून फक्त शीतपेयाच्या नळीतून श्वास. “आई, छातीत कोंडल्यागत होतं. धुरानं फुप्फुसं बिघडली की असंच होतं.” लहान वयात निकोटीनची सवय लवकर जडते, शेजारी बसलेल्याच्या छातीतही धूर जातो, हेही तो सांगत होता. पण घरी विड्या वळणाऱ्यांना तुम्ही एका शब्दानं कमी लेखलं नाहीत, हे मला फार मोठं वाटतं. “त्या हातांनीच तुम्हाला वाढवलंय,” असं तुम्ही वर्गात म्हणालात. ते ऐकून सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

लहान मुलांना तंबाखू विकायला बंदी आहे. कायद्यानं शाळेच्या आसपास तर कुणालाच विकता येत नाही. तरी घरची मोठी माणसं पोरालाच विडी आणायला पिटाळतात. आमच्याकडंही तसंच चालायचं. परवा सासऱ्यांनी हाक मारली, तर पोरगा दारात उभा राहून म्हणाला, “आजोबा, विडी आणायला मी जाणार नाही. पाणी आणून देऊ?” हे वाक्य तुम्ही वर्गात जोडी जोडीनं घोकून घेतलं होतंत, असं नंतर कळलं. सासरे काही बोलले नाहीत. स्वतःच उठून दुकानात गेले. विडी सुटलेली नाही, पण आता ते ओढायला परसात जातात.

बाई, मनापासून आभार. आणि एक विनंती, थोरला सातवीत आहे. शाळा सुटली की तो टपरीवरच्या पोरांत उभा असतो. त्याच्या वर्गावरही एकदा याल का?

तुमच्या विद्यार्थ्याची आई