नॉर्मन, ओक्लाहोमाहून आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

येत्या आठवड्यात आमच्याकडे मोठ्या वादळांचा अंदाज आहे हे ऐकल्यापासून आईला झोप नाही, असं दादा म्हणाला. फोनवर घाईत बोलणं होतं, म्हणून नीट लिहिते.

वळीव कसा येतो ते बाबांना सांगायला नको. दिवसभर तापतं, दुपारी ढग चढतात, गारा पडतात आणि तासाभरात आभाळ मोकळं. इथे एप्रिल-मेमध्ये मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा येते, पश्चिमेकडून कोरडी, आणि उंचावर वाऱ्याचा वेग आणि दिशा दोन्ही बदलतात. मग ढग विरत नाही, स्वतःभोवती फिरत तासन्‌तास चालत राहतो. टोर्नेडो, म्हणजे जमिनीला टेकणारा वाऱ्याचा भोवरा, बहुतेक अशाच ढगातून उतरतो. देशभरासाठी हा अंदाज काढणारं केंद्र आमच्या नॉर्मनमध्येच आहे. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. गुरुवारसाठी सध्या तिसरी आहे, वाढूही शकते.

टोर्नेडोची तयारी झाली आहे. गॅरेजच्या जमिनीत लोखंडी शेल्टर आहे. त्यात पाणी, बॅटरीचा रेडिओ, चिनूचं सायकलचं हेल्मेट आणि सगळ्यांचे बूट ठेवलेत. बूट अशासाठी, की बाहेर पडताना पायाखाली काचा आणि खिळे असतात.

मला खरी धास्ती पाण्याची आहे. एकामागून एक ढग त्याच पट्ट्यावर कोसळत राहतात, तेव्हा पूर येतो. ३१ मे २०१३ ला एल रिनोजवळ चार किलोमीटरहून रुंद टोर्नेडो झाला. त्याच रात्री ओक्लाहोमा सिटीत पुरानं माणसं गेली. त्यातली काही वादळापासून वाचायला पावसाच्या पाण्याच्या भुयारी नाल्यात शिरली होती, लेकरंबाळं घेऊन. हे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

आपली कृष्णा चढते ती दिसत चढते. कोयनेतून किती सोडलं, सांगलीत आयर्विन पुलाजवळ किती फूट झालं, धोक्याच्या पंचेचाळीस फुटांच्या आत आहे ना, असं विचारत माणसं सामान माळ्यावर टाकतात. २०१९ ला तेवढ्यानंही भागलं नाही, ते आपण भोगलंय. इथला ओढा तर बघता बघता रस्त्यावर येतो. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी ढकलून नेतं, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. आणि अंधारात पाण्याखाली रस्ता उरलाय की खचलाय, हे दिव्याच्या उजेडात कळत नाही. तुमच्या जावयांची गुरुवारी रात्रपाळी आहे. ओढ्याकडच्या रस्त्यानं यायचं नाही, पाणी ओसरेपर्यंत कामावरच थांबायचं, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

इथे संध्याकाळचे सहा म्हणजे तुमच्याकडे पहाटेचे साडेचार. तेव्हा टीव्ही लावून बसू नका. शेल्टरमध्ये फोन लागत नाही, वर आले की दादाला मेसेज करीन. तिकडेही वळिवाचे दिवस आहेत. बेदाणा अजून रॅकवर असेल, तर शेडचा कागद आजच बांधून घ्या.

तुमची,
नंदा